वाटेवरची खडी जाते कुठे?

मळ्यात, वस्तीवर किंवा गावाबाहेरच्या प्लॉटवर घर बांधलेल्या वाचकांकडून एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. ‘दर दोन वर्षांनी खडी टाकतो, पावसाळा आला की ती गायब होते. आता किती एमएमची टाकू?’

खडी जाते कुठे, हे मी आमच्याच वाटेवर खणून पाहिले आहे. टिकावाचा पहिला घाव वरच्या कचेवर खणकन वाजला, दुसरा मऊ गेला. चार बोटांवर काळा चिखल लागला. वीतभर खाली पहिला दगड आणि त्याच्या खाली दगडच दगड, पण प्रत्येकाभोवती मातीचा लेप. एक दगड दुसऱ्याला टेकलेला नव्हता. तीन वर्षांची खडी तिथे होती. वाहून काहीच गेले नव्हते. चाकाने दगड खाली दाबला होता आणि चिखल वर काढला होता.

म्हणून खडीचा आकार ठरवायच्या आधी दोन गोष्टी पाहा. वाटेखाली जमीन कसली आहे आणि पाणी कुठून येऊन कुठे जाते? या दोन्हींची सोय केलीत तर साधा माल वर्षानुवर्षे टिकतो. ती केली नाहीत, तर क्रशरवरचा सर्वांत महाग मालही जमीन गिळते.

आधी जमीन ओळखा

वाटेवर दोन-तीन ठिकाणी दीड-दोन फूट खोल खड्डे घेऊन पाहा. यंत्र लागत नाही, अर्ध्या दिवसाचे काम आहे.

- माळ, मुरमाड किंवा खडकाळ जमीन: तुमचे निम्मे काम निसर्गानेच केले आहे. वरची माती खरवडून, पाण्याची सोय करून चार इंचांचा थर दाबला तरी पुरते.
- तांबडी किंवा मिश्र माती: खाली मुरमाचा चांगला दाबलेला थर लागतो, मग खडी.
- काळी माती: पाणी प्यायली की ती फुगते, सुकली की भेगाळते. उन्हाळ्यात भेगेत हात जातो, त्याच जमिनीत श्रावणात ट्रॅक्टर रुततो. हिच्यावर थेट खडी टाकू नका. अगदी थोडीसुद्धा नाही.
- कोकण-गोव्याकडची जांभ्याची जमीन: तळ बहुधा घट्ट असतो. तिथे अडचण असते ती उताराची आणि पावसाची. तिचा विचार पुढे केला आहे.

काळ्या मातीत खणू नका, उचला

इथे बहुतेकांची चूक होते, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. काळी माती वाईट, मग ती दीड फूट काढून टाकू आणि त्या जागी मुरूम भरू, असे जेसीबीवाला सुचवतो. ऐकायला बरोबर वाटते. पण काळ्या मातीत खणलेली लांबलचक पेटी म्हणजे हौदच. पावसाचे पाणी मुरमातून खाली उतरते, तळाशी आणि कडांना चिकण माती असल्यामुळे ते बाहेर पडत नाही, आणि दोन महिने तुमचा रस्ता आतून भिजत राहतो.

त्याऐवजी वरची तीन-चार इंच माती, गवत आणि मुळे तेवढी काढा आणि रस्ता शेजारच्या रानापेक्षा वर येईल असा भराव करा. दोन्ही बाजूंना चर काढा. चराचा तळ भरावाच्या तळापेक्षा निदान फूटभर खाली हवा. खणणे टाळताच येत नसेल, तर दर चाळीस-पन्नास फुटांवर भरावाच्या तळातून चरापर्यंत दगड भरलेली आडवी नाली काढा. आतले पाणी तिथून निघून जाते.

माती आणि मुरूम यांच्यामध्ये जिओटेक्स्टाईल घालता आले तर जरूर घाला. हे घोंगडीसारखे दाबून केलेले कापड असते. त्यातून पाणी पार होते, पण चिखल वर येत नाही आणि दगड खाली जात नाही. दोन पट्ट्या जोडताना एकावर एक फूट-दीड फूट चढवा. खर्च वाढतो, पण काळ्या रानात तो मी खडीच्या वरच्या थरातून वाचवीन, कापडातून नाही. मात्र पर्याय म्हणून शेततळ्याचा कागद अंथरू नका. तो पाणी अडवतो. गोणपाट कुजते आणि शेडनेट ट्रॉलीखाली फाटते.

कोणता माल कशासाठी

नावे भागागणिक बदलतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या खडीला विदर्भात गिट्टी म्हणतात. म्हणून क्रशरवर नावाने नव्हे, मिलिमीटरने बोला आणि शक्य असेल तर माल डोळ्यांनी पाहा.

- डबर आणि सोलिंगचा दगड: सहा ते नऊ इंचांचा. अगदी मऊ जागी तळाला, हाताने उभा रचून. नुसता ओतला तर मध्ये पोकळ्या राहतात आणि वरचा सगळा माल त्यांत उतरतो.
- ४० ते ६० एमएम खडी: मधला थर. रस्त्याची ताकद हीच.
- २० एमएम आणि त्याखालचा मिश्र माल, कचेसह: वरचा थर.
- कच, डस्ट: फटी भरायला. एकटी टाकली तर उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात लगदा.
- मुरूम: तळाला, आणि खडी बांधून धरायला.

वरच्या थरासाठी लोक स्वच्छ, एकसारखी २० एमएम खडी मागतात. ढीग सुरेख दिसतो. पण एका मापाचे दगड एकमेकांत बसत नाहीत. चाकाखाली ते दोन्ही बाजूंना पळतात, मोटारसायकल घसरते आणि महिन्याभरात मधोमध वरंबा तयार होतो. बांधकामाच्या काँक्रीटला धुतलेली खडी लागते, रस्त्याला नाही. रस्त्याच्या खडीत बारीक माल असलाच पाहिजे. मोठ्या दगडांमधल्या फटी लहान दगडांनी आणि त्यांच्यातल्या फटी कचेने भरल्या की दाबल्यावर सगळे एकजीव होते.

नदीतले गोल गोटेही याच कारणाने नकोत. फोडलेल्या काळ्या दगडाला धारदार कोपरे असतात, ते एकमेकांत अडकतात. कोकणात चिऱ्यांचे तुकडे फुकट मिळतात. ते खाली भरावाला चालतील, पण चाकाखाली जांभ्याचा भुगा होतो, तेव्हा वरचा थर काळ्या दगडाचाच हवा.

मुरूम घेताना फसगत फार होते. मुरूम म्हणून पिवळी माती येते. खाणीवरून मूठभर नमुना आणा आणि काचेच्या बाटलीत पाणी घालून जोरात हलवा. घटकाभर बाटली ठेवून द्या. जाड वाळू आणि खडे लगेच खाली बसतात. वर गढूळ पाणी तासन्‌तास राहिले आणि खाली बसलेल्यात निम्म्याहून अधिक चिकण गाळ दिसला, तर तो माल घेऊ नका. दुसरी परीक्षा हाताची. ओला मुरूम तळव्यावर चोळा. खरखर लागून बोटे थोडी रंगली तर चांगला. साबणासारखा बुळबुळीत लागला तर ती माती आहे. उलट अजिबात न चिकटणारा, कोरडा भुसभुशीत मुरूमही दाबला जात नाही.

किती लागेल?

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. लांबी, रुंदी आणि जाडी फुटांत गुणा, १०० ने भागा. दाबल्यावर माल बसतो, म्हणून वर २५ ते ३० टक्के धरा.

समजा वाट २०० फूट लांब आणि १० फूट रुंद आहे:

- मुरूम ६ इंच: १० ब्रास, मागवायचा सुमारे १३
- ४० ते ६० एमएम खडी ६ इंच: १० ब्रास, मागवायची सुमारे १३
- वरचा मिश्र माल ३ इंच: ५ ब्रास, मागवायचा साडेसहा

हा हिशेब मऊ जमिनीचा आहे. माळावर यातला पहिला थर वगळता येतो, मधलाही कमी होतो. जाडी ठरवताना रोजची मोटार डोळ्यांसमोर ठेवू नका. वर्षातून एकदाच येणारी उसाची भरलेली ट्रॉली, हार्वेस्टर किंवा बोअरची गाडी तुमच्या वाटेची खरी परीक्षा घेते.

माल उतरवण्याआधी

- भाव ब्रासने की टनाने, हे आधी ठरवा. एक ब्रास खडी साधारण सव्वाचार टन भरते. ओला माल टनावर घेतलात तर पाण्याचेही पैसे द्याल.
- गाडी रिकामी करण्याआधी हौद्याची आतून लांबी, रुंदी आणि मालाची उंची टेपने मोजा. दहा फूट लांब, सहा फूट रुंद ट्रॉलीत दोन फूट माल असेल तर तो १.२ ब्रास. ढीग पडल्यावर मोजमापाचा वाद मिटत नाही.
- भावात वाहतूक धरली आहे का? खडीपेक्षा डिझेलच महाग पडते, म्हणून आधी जवळचा क्रशर शोधा.
- गौण खनिजाचा वाहतूक पास मागून घ्या आणि जपून ठेवा. मुरूम आणि दगड यांवर सरकारचे स्वामित्वधन, म्हणजे बोलीभाषेतली रॉयल्टी, असते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम ४८ खाली विनापरवाना उत्खनन आणि वाहतुकीला बाजारभावाच्या पाचपट दंड होऊ शकतो, गाडीही जप्त होते. रात्री येणारा स्वस्त मुरूम घेऊ नका.
- स्वतःच्या रानातला मुरूम काढायचा असला तरी आधी तलाठी किंवा तहसील कार्यालयात विचारा. जमीन तुमची आहे, एवढ्यावर परवानगी गृहीत धरू नका.

अंथरणे आणि दाबणे

एकाच वेळी फूटभर माल ओतून वरून रोलर फिरवला, तर वरचे तीन-चार इंच घट्ट होतात आणि खालचा माल सैल राहतो. चार इंचांचा थर पसरा, पाणी मारा, दाबा, मग पुढचा. मुरमात पाणी किती, तर मूठ वळली की गोळा टिकावा पण तळव्याला पाणी लागू नये. रोलर कडांकडून मध्याकडे आणा.

भाड्याचा रोलर मिळत नसेल तर भरलेली ट्रॉली चालवा, पण चाके दर फेरीला वीतभर सरकवा. एकाच चाकोरीतून दहा फेऱ्या मारल्या तर रस्ता नव्हे, दोन नाल्या तयार होतात.

मधोमध उंची ठेवायला विसरू नका. दहा फूट रुंद वाटेचा मध्य कडांपेक्षा दोन ते अडीच इंच वर हवा. नुसत्या नजरेने हे जमत नाही. गवंड्याकडची पाण्याची नळी आणि दोरी घ्या, दर वीस फुटांवर खुंट्या ठोका. ही उंची तळाच्या थरापासूनच द्यायची. सपाट तळावर फक्त वरून फुगवटा दिला, तर आत झिरपलेले पाणी तळाशीच बसते.

कामाची वेळ? पाऊस ओसरल्यावरचे कार्तिक-मार्गशीर्ष सर्वांत चांगले. जमिनीत ओल असते, टँकरचे पैसे वाचतात आणि दाब उत्तम बसतो. हातात पैसे कमी असतील तर पहिल्या वर्षी तळ आणि मधला थर करा, एक पावसाळा त्यावरून जाऊ द्या. कुठे बसते, कुठे पाणी थांबते ते कळते. तेवढे दुरुस्त करून दुसऱ्या वर्षी वरचा थर टाका. मला विचाराल तर पैसे असले तरी असेच करा.

उतार असेल तर

कोकणात, घाटमाथ्यावर किंवा डोंगरकडेच्या घरांना हे लागू. उतारावर पाणी रस्त्यावरून जितके लांब धावते तितके ते जोर धरते. म्हणून त्याला वाटेतच बाहेर काढा. दर तीस-चाळीस फुटांवर रस्त्याला तिरकी, उथळ नाली किंवा वरंबा द्या आणि त्याचे तोंड पाणी झेलू शकेल अशा जागी, दगड रचून, काढा. शेजाऱ्याच्या बांधावर ते सोडू नका. भांडण तर होतेच आणि त्याचा बांधही फुटतो.

दहा फुटांत एक फुटाहून अधिक चढ असेल तर मोकळी खडी तिथे टिकत नाही. चाक फिरते, दगड मागे फेकला जातो, उरलेले पाऊस नेतो. तेवढ्या तुकड्यात चाकांखाली काँक्रीटच्या दोन पट्ट्या टाका आणि मध्ये खडी ठेवा. सगळा रस्ता काँक्रीटचा करण्यापेक्षा खर्च बराच कमी होतो.

मुख्य रस्त्याला जोडताना, आणि तुमचे हक्क

तुमची वाट डांबरी रस्त्याला मिळते तिथे रस्त्याकडेची गटार असते. ती मुरमाने बुजवून वाट काढणे ही सर्रास होणारी चूक आहे. पाणी अडते, सरकारी रस्ता उखडतो आणि तेच पाणी तुमच्या दारात येते. तिथे ह्यूम पाईप टाकून मोरी करा. पाईप असा रुंद घ्या की आतून फावडे किंवा निदान बांबू फिरवून गाळ काढता येईल. ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग असल्यास जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे, राज्य मार्ग किंवा प्रमुख जिल्हा मार्ग असल्यास सार्वजनिक बांधकाम विभागाकडे आधी अर्ज करा.

वाट दुसऱ्याच्या रानातून जात असेल तर पहिली ट्रॉली उतरवण्याआधी हक्क तपासा. खडी टाकल्याने वाट तुमची होत नाही.

- गावनकाशा काढा. त्यावर तुटक दुहेरी रेषा असेल तर गाडीवाट, तुटक एकेरी असेल तर पायवाट.
- शेतात जायला वाटच नसेल तर जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे बांधावरून रस्ता मागता येतो. निर्णय मान्य नसेल तर एका वर्षाच्या आत दिवाणी दावा करता येतो.
- वहिवाटीची वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली दाद मागा, पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. गावात मिटेल म्हणून थांबता थांबता ही मुदत निघून जाते. बोलणी चालू ठेवा आणि अर्जही करून ठेवा.
- शेजाऱ्याने आपुलकीने वाट दिली असेल तर ती लेखी घ्या: रुंदी किती, कोणत्या बांधावरून, देखभाल कोणाची. पुढच्या पिढीला तोंडी शब्द आठवत नाही.
- प्लॉट विकत घेत असाल तर खरेदीखतातच रस्ता आणि त्याची रुंदी लिहून घ्या.

वर्षभराची निगा

*वैशाखात:* चर आणि मोरी साफ करा. गाळ रस्त्यावर टाकू नका, रानात टाका. मधला फुगवटा बसला असेल तर कडांना पळालेली खडी दाताळ्याने मध्यावर ओढून घ्या. नवीन माल मागवण्याआधी हे करून पाहा, पुष्कळदा तेवढेच पुरते.

*पहिल्या मोठ्या पावसात:* छत्री घेऊन वाटेवरून चालत जा. पाणी कुठे थांबते, कुठे रस्ता ओलांडते, तिथे दगड ठेवून खूण करा. कोरड्या दिवसांत हे कळत नाही, आणि वर्षभराच्या दुरुस्तीची यादी या अर्ध्या तासात तयार होते.

*भर पावसात:* डबक्यात खडी ओतू नका. चिखलात पडलेली खडी गेलीच म्हणून समजा. फावड्याने डबक्यातून चरापर्यंत चार बोटांची वाट काढून पाणी सोडा आणि उघडीप येईपर्यंत थांबा. वाट फार ओली असताना जड गाडी आत घेऊ नका. दुधाची गाडी रस्त्यावर थांबवून कॅन नेण्याचे दोन दिवसांचे कष्ट मोठा खर्च वाचवतात.

*दिवाळीनंतर:* खड्डे भरायचे. नुसता माल टाकून खड्डा भरत नाही, चार गाड्या गेल्या की तो उडून जातो. खड्ड्याच्या कडा टिकावाने उभ्या कापा, तळाचा सगळा चिखल काढा, पाणी शिंपडा. मोठी खडी, तिच्या फटींत मुरूम-कच, असे दोन थरांत भरा आणि प्रत्येक थर धुम्मसाने ठोका. वर बोटभर उंच ठेवा, ते बसते.

*उन्हाळ्यात:* वाट पन्हाळी पत्र्यासारखी झाली असेल, तर त्या लाटा वेगामुळे आणि कोरड्या, सुट्या मालामुळे होतात. ट्रॅक्टरच्या पात्याने नुसते वरचे उंचवटे कापले तर आठवड्यात परत येतात. लाटेच्या तळापर्यंत खरवडा, पाणी मारा, थोडा मुरूम मिसळा आणि पुन्हा दाबा. धूळ बसवायला जळके ऑईल अजिबात शिंपडू नका. ते पावसाने उतरून विहिरीत जाते. घरासमोरच्या पन्नास फुटांत गाडीचा वेग कमी ठेवा आणि सांजेला पाणी मारा.

मुरमाबरोबर गाजरगवताचे बी हमखास येते. ते फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा. चाकोऱ्यांच्या मधल्या पट्ट्यात हराळी आली तर ती काढायची घाई करू नका. तिची मुळे तिथला माल धरून ठेवतात. फक्त ती इतकी वाढू देऊ नका की मध्ये बांध होऊन पाणी चाकोरीतच कोंडेल.